रंगावर जाऊ नका, तपासून घ्या : गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवताना स्पीकरच्या वायरी कशा ओळखाव्यात

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, गाडीचा व्यवसाय करणाऱ्या सभासदांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात आणि स्वतः बचत गटाच्या सभासद आहेत.)



विषय वाचून मघाशी मागच्या रांगेत थोडं हसू झालं. पापड, मसाला, शेळीपालन यांच्या सभेत स्पीकरच्या वायरी कुठून आल्या, असं वाटलं असेल. पण आता आपल्या गटांच्या दारात गाड्या उभ्या राहायला लागल्यात. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली, तेव्हापासून गटातल्या बाईने प्रवासी गाडी घ्यायची आणि चालवायची ही गोष्ट नवलाची राहिली नाही. कुणाकडे प्रवासी गाडी आहे, कुणी विक्रीसाठी व्हॅन घेतलीय.

आणि गाडी आली की महिन्याभरात कुणीतरी म्हणतंच, "ताई, कंपनीच्या डेकचा आवाज बारीक आहे, एक अ‍ॅम्प्लिफायर टाकून घ्या." मग गाडी एखाद्या दुकानासमोर उभी राहते. डॅशबोर्ड उघडला जातो, मागचा वायरींचा गुच्छा बाहेर येतो आणि पोरगा पक्कड घेऊन वायर कापतो. आपण बाजूला चहाचा कप घेऊन उभ्या. गाडी आपल्या नावावर, कर्ज संघाचं, हप्ता दर महिन्याचा, आणि कोणती वायर कापली हे आपल्याला ठाऊक नाही.

मला आज एवढंच सांगायचंय : कंपनीच्या गाडीत स्पीकरची वायर रंगावरून ओळखायची नसते, तपासून ओळखायची असते. तपासायला लागतं एक साधं मीटर, एक पेन्सिल सेल, चिकटपट्टी आणि वही. ज्यांना हे काम शिकायचंय त्यांनी पायऱ्या नीट लिहून घ्या. ज्यांना शिकायचं नाही त्यांनीही ऐका, म्हणजे फिटरला काय विचारायचं ते कळेल.

या वायरी ओळखायच्या कशाला?

बाहेरून घेतलेल्या डेकला मागे अ‍ॅम्प्लिफायरसाठी वेगळी भोकं असतात, त्यात दोन पिना घातल्या की काम झालं. कंपनीच्या डेकला बहुतेक वेळा ती नसतात. त्यातून आवाज बाहेर येतो तो फक्त स्पीकरच्या वायरींतून. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला आवाज द्यायचा तर त्याच वायरी पकडाव्या लागतात.

या वायरींतला आवाज जोरदार असतो. तो घेण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरवर 'हाय लेव्हल इनपुट' असं लिहिलेली वेगळी जागा हवी. ती नसेल तर मध्ये एक छोटी डबी बसवतात, तिला बाजारात 'हाय टू लो कन्व्हर्टर' म्हणतात. स्पीकरची वायर थेट छोट्या गोल पिनेच्या भोकात जोडली तर आवाज फाटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर बिघडूही शकतो.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. वायरीला दोन बाजू होतात. एक डेककडून येणारी आणि दुसरी स्पीकरकडे जाणारी. डेककडून येणारी बाजू अ‍ॅम्प्लिफायरच्या आत जाते, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर येणारी वायर स्पीकरकडच्या बाजूला जोडतात. स्पीकर एकाच वेळी डेकलाही जोडलेला आणि अ‍ॅम्प्लिफायरलाही जोडलेला राहिला, तर दोन्ही एकमेकांवर जोर लावतात आणि त्यात एखादं जळतं. शेतातल्या एकाच पाइपाला दोन बाजूंनी दोन मोटारी लावल्यासारखं होतं ते.

रंगांचा घोटाळा

बाजारातला डेक घेतला की त्याच्या वायरींचे रंग जवळपास ठरलेले असतात. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येकीची जोडीदारीण त्याच रंगाची, पण अंगावर काळी रेघ असलेली, ती उणे. पिवळी वायर बॅटरीची कायमची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थची, आणि निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायर चालू करण्यासाठीची.

फिटर पोरांना हे तोंडपाठ असतं. घोटाळा इथेच होतो. हे रंग बाजारातल्या डेकचे आहेत. गाडीच्या आत कंपनीने घातलेल्या वायरींना ते लागू नाहीत. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, त्याच कंपनीच्या दोन मॉडेलचे वेगळे, आणि कधी कधी त्याच मॉडेलच्या जुन्या-नव्या गाडीचेही वेगळे. शिवाय दरवाज्याच्या बिजागरीपाशी एक कपलर असतो. त्याच्या अलीकडे एक रंग आणि पलीकडे दुसरा, असंही आढळतं. म्हणून "ताई, पांढरी म्हणजे पुढचा डावाच" असं कुणी ठामपणे सांगितलं तर विचारा, "तपासलंत का?"

काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, डेकमागे आठ-आठ पिनांचे दोन ठोकळे असतात. त्यातला एक विजेचा आणि एक स्पीकरचा. स्पीकरच्या ठोकळ्यात १-२ मागचा उजवा, ३-४ पुढचा उजवा, ५-६ पुढचा डावा आणि ७-८ मागचा डावा. विषम आकडा अधिक, सम आकडा उणे. असा ठोकळा असला तर काम सोपं. पण पिनेचा आकडा वाचूनही तपासणी चुकवायची नाही.

हात घालण्याआधी

गाडी बंद, चावी बाहेर, आणि बॅटरीची उण्याची क्लिप आधी काढायची. काही डेक बॅटरी काढल्यावर पुन्हा कोड मागतात, तेव्हा तो कोड आपल्याकडे आहे का ते आधी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या कारमध्ये जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. एअरबॅगच्या आत स्फोटक असतं, ते विजेच्या छोट्याशा झटक्याने फुटतं. तिच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डमागे, काही गाड्यांत सीटखालीही त्या दिसतात. पिवळ्या आवरणाच्या त्या वायरींना मीटर लावायचं नाही, सेल लावायचा नाही, कपलर ओढायचा नाही. बॅटरी काढल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली राहते. म्हणून क्लिप काढून किमान दहा मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा थांबा.

बल्बचा टेस्टर घेऊन दिसेल त्या वायरीला टोचत जाणारा फिटर असेल तर त्याला तिथेच थांबवा. एअरबॅग आणि गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरच्या वायरींना तो बल्ब सोसत नाही.

पहिली पायरी : स्पीकरपासून सुरुवात करा

डेकमागच्या गुच्छ्यात वीस-पंचवीस वायरी असू शकतात. विजेच्या, लाइटच्या, अँटेनाच्या, स्टिअरिंगवरच्या बटणांच्या. त्यात स्पीकरच्या चार जोड्या, म्हणजे आठ वायरी. साध्या व्हॅनमध्ये पुढे दोनच स्पीकर असतात. तिथे मागच्या वायरी कधी घातलेल्या असतात पण पुढे काही जोडलेलं नसतं.

गुच्छ्यात शोधत बसण्याऐवजी दरवाज्याची पट्टी काढून स्पीकर बघा. त्याच्या मागे दोनच वायरी. त्यांचे रंग वहीत लिहा. काही स्पीकरच्या पट्टीवर अधिकची खूण असते, तीही टिपा. मग डेकमागे तसेच रंग शोधा. सापडले तर उत्तम, पण हा अजून अंदाज आहे.

त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर तो समोर ठेवा. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारायला लाजू नका, गाडी आपली आहे.

दुसरी पायरी : मीटर

डेकमागचा कपलर काढलेला हवा. मीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवा आणि येणारा आकडा लिहा, समजा ०.३ आला. तो सुयांचा स्वतःचा. पुढच्या प्रत्येक मोजणीतून तो वजा करायचा. किराणा दुकानात आधी रिकाम्या डब्याचं वजन घेतात, तसं.

आता कपलरमध्ये संशयित जोडीला सुया लावा. साधा कारचा स्पीकर ४ ओहमचा असतो आणि मीटरवर तो ४ पेक्षा थोडा कमी, म्हणजे ३ ते ४ च्या मध्ये दिसतो. तेवढा आकडा आला तर ती स्पीकरची जोडी. काहीच आकडा आला नाही तर एक वायर दुसऱ्या जोडीतली आहे किंवा वायर तुटलेली आहे. बहुधा एका जोडीतल्या दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या किंवा एकाच रंगाच्या असतात, तिथून सुरुवात करा.

जोडी सापडली की एक सुई वायरीला आणि दुसरी गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा. इथे काहीही आकडा यायला नको. आला तर वायर कुठेतरी चेमटून बॉडीला टेकलीय. ते आधी दुरुस्त करायचं.

आकडा खूप मोठा आला किंवा कुठेच ३-४ दिसला नाही, तर गाडीत कंपनीचाच अ‍ॅम्प्लिफायर असू शकतो, सीटखाली किंवा मागच्या बाजूला. महागड्या मॉडेलमध्ये असतो. मग डेकमागच्या वायरी स्पीकरकडे जातच नाहीत. तिथे पुढची सेलची पायरी करायची नाही. नकाशा मिळेपर्यंत हात मागे घ्या.

तिसरी पायरी : पेन्सिल सेल

जोडी कळली, पण कोणत्या दरवाज्याची? आणि अधिक कोणती, उणे कोणती? इथे दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल कामाला येतो, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो.

डेक काढलेलाच हवा. सेलच्या दोन टोकांना दोन छोट्या वायरी धरा आणि त्या जोडीला क्षणभर टेकवा. एका दरवाज्यातून 'टक' असा आवाज येईल. तोच तिचा स्पीकर. एकीने टेकवायचं, दुसरीने दरवाज्यांपाशी कान द्यायचा; दोघी मिळून केलं तर पाच मिनिटांचं काम.

मग स्पीकरची जाळी काढून पडद्याकडे बघा. सेल टेकवल्यावर पडदा बाहेर आला, तर सेलचं अधिक टोक ज्या वायरीला आहे ती अधिक. पडदा आत गेला तर उलटं. सेल धरून ठेवायचा नाही, टेकवायचा आणि उचलायचा. आणि दीड व्होल्टच. गाडीच्या बॅटरीची १२ व्होल्टची वायर स्पीकरला लावून बघायची नाही, त्याने स्पीकर जळतो.

अधिक-उणे एवढं का बघायचं? डाव्या स्पीकरला सुलट आणि उजव्याला उलट जोडलं, तर एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. दोघे एकमेकांचा आवाज खातात. ढोलकीचा भारी आवाज गायब होतो, गाणं पातळ ऐकू येतं. काही जळत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. मग दुकानदार म्हणतो, "ताई, अ‍ॅम्प छोटा पडला, मोठा घ्या." दोन वायरी अदलाबदल केल्या की फुकटात भागणारं काम, आणि आपण हजारो रुपये मोजतो. माझ्याकडे अशा गाड्या येतात. वायरी उलटवून दिल्या की गाडीवाल्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं असतं.

चौथी पायरी : नोंद

प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा : पुढचा उजवा अधिक, पुढचा उजवा उणे, असं आठही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवी म्हणजे ड्रायव्हर बाजू, डावी म्हणजे क्लीनर बाजू. डावं-उजवं नेहमी गाडीत बसून पुढे तोंड करून ठरवायचं, बाहेर उभं राहून नाही.

तेच वहीत लिहा : गाडीचा नंबर, तारीख, स्पीकर, वायरीचा रंग, कपलरमधली जागा, मीटरचा आकडा. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीने अद्ययावत लेखे आहेत ना? त्याच सवयीचं हे एक पान. उद्या दुसरा फिटर आला तर त्याला पुन्हा सगळं उकरावं लागणार नाही. हे पान गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

जोडताना तीन गोष्टी

एक, स्पीकरची उणे वायर बॉडीला जोडायची नाही. जुन्या पद्धतीने काम करणारे काहीजण चारही उणे एकत्र करून लोखंडाला लावतात. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत वीज असते. डेक चालू असताना त्यातली कोणतीही एक वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मोजलं, तर बहुतेक गाड्यांत ६ व्होल्टच्या आसपास दिसतं, बॅटरीच्या निम्मं. अशी वायर बॉडीला टेकवली की डेक बंद पडतो, कधी कायमचा. एका गटाची व्हॅन माझ्याकडे अशीच आली होती. अ‍ॅम्प्लिफायर नवा, डेक मुका. उण्याच्या चारही वायरी एका स्क्रूला आवळलेल्या. त्या ताईंचा डेक गेलाच.

दोन, अ‍ॅम्प्लिफायरची वीज थेट बॅटरीवरून घ्यायची, डेकच्या वायरीतून नाही. हिशोब करा. चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे २०० वॅट. काही वीज उष्णतेत जाते, म्हणून घ्यावी लागते २५० च्या आसपास. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे २० अँपिअरच्या वर. डेकचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. ती बारीक वायर एवढा भार घेत नाही, तापते. म्हणून बॅटरीपासून जाड वायर, आणि तिला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते. ती कुठे घासली तर आग लागते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुच हवंच.

तीन, शक्यतो कंपनीची वायर कापू नका. बऱ्याच गाड्यांसाठी मधे बसणारा कपलर मिळतो. एका बाजूला कंपनीचा कपलर, दुसऱ्या बाजूला डेक, आणि मधून अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी. थोडे पैसे जास्त लागतात. पण तो काढला की गाडी होती तशी होते आणि वॉरंटीचा वाद कमी होतो. कपलर मिळत नसेल आणि कापायचीच असेल, तर कपलरपासून चार बोटं वायर शिल्लक ठेवून कापायची, म्हणजे पुन्हा जोडता येते.

विक्रीच्या गाडीवर बाहेर भोंगा लावून ओरडायचं असेल तर तो वेगळा विषय आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातही वाजवता येत नाही. आज मी फक्त गाडीच्या आतल्या आवाजाबद्दल बोलतेय.

फिटरला विचारायचे पाच प्रश्न

ज्यांना स्वतः काम करायचं नाही त्यांनी हे पाच लिहून घ्या आणि वायर कापण्याआधी विचारा.

१. स्पीकरच्या वायरी रंगावरून धरल्या की मीटरने तपासल्या? आकडा किती आला?
२. प्रत्येकीचं अधिक-उणे बघितलं का? पडदा हलताना मला दाखवा.
३. उण्याच्या वायरी बॉडीला जोडणार नाही ना?
४. बॅटरीजवळ फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा?
५. वायर कापणार की मधला कपलर लावणार?

उत्तर सरळ आलं तर काम त्याला द्या. "ताई, तुम्हाला नाही कळणार" असं उत्तर आलं तर चावी परत मागा.

सभेत दोन ताईंनी विचारलं, हे काम आपल्या मुलींना जमेल का? का नाही जमणार? इथे ताकद लागत नाही. लागतो धीर, नीट नजर आणि लिहून ठेवायची सवय, आणि ती गटाने आपल्याला लावलीय. तालुक्यात गाड्या वाढल्यात, आणि तपासून काम करणाऱ्या फिटरकडे लोक लांबून येतात. आपल्या प्रभागातल्या दोन-तीन मुलींनी शिकायचं ठरवलं तर माझ्या दुकानात यावं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात पक्कड देणार नाही, मीटर देईन.

ज्या गटांची गाडी आहे त्यांनी पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा आणि गाडीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.